ओळख पटत नाही

नाशिकच्या पोलीस कचेरीत दीपमाला गांगुर्डेला तिच्या माघारी सगळे ‘मग पुढे’ म्हणायचे. कोणी कसलाही किस्सा सांगितला की बाकीचे हसून चहा संपवायचे आणि दीपमाला विचारायची, "मग पुढे काय झालं?" चोर सापडला, माल मिळाला, ठीक, पण तो आत गेल्यावर त्याची म्हातारी कोणाकडे राहिली? पळून गेलेली पोरगी घरी आणली, बरं झालं. पण नंतर ती घरात कोणाशी बोलली का? पोलीस खात्यात अशा प्रश्नांना उत्तर नसतं. फाइल बंद झाली की गोष्ट संपली. दीपमालाची संपत नसे.

सवय लहानपणची. वडील नाशिकरोडला रेल्वेत, रूळ तपासणाऱ्या टोळीत होते. त्यांना डबा द्यायला गेली की ती जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसायची. "बाबा, हावड्याला उतरून माणसं कुठं जातात?" "आपापल्या घरी," वडील म्हणायचे. तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. बारावीनंतर बरोबरीच्या मुली डीएडच्या मागे लागल्या, तर ही भरतीच्या मैदानावर धावली आणि नव्वद साली अंगावर खाकी आली. पुढच्या वर्षी सिंहस्थात रामकुंडाजवळच्या हरवलेल्या माणसांच्या तंबूत तिला बसवलं. तिथे बिहारकडची एक म्हातारी आली. तिला ना गावाचं नाव सांगता येई, ना जिल्ह्याचं. बाकीच्यांनी हात टेकले. दीपमालानं तिला घरातून निघाल्यापासून काय काय दिसतं ते एकेक करून विचारलं आणि ते इतर बिहारी यात्रेकरूंना ऐकवत फिरली. शेवटी म्हातारीच्या शेजारगावचाच एक जण गर्दीत भेटला. साहेबांनी पाठ थोपटली. दीपमालाला मात्र म्हातारी घरी पोचल्याचं पत्र हवं होतं, ते कधी आलं नाही.

पुढे तिला पासपोर्टच्या चौकशीला टाकलं. बऱ्याच जणांना हे काम कंटाळवाणं वाटायचं. गावोगाव जायचं, अर्जदार तिथेच राहतो का बघायचं, शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. दीपमालाला मात्र हे काम म्हणजे मेजवानीच वाटली. दुबईला निघालेल्या गवंड्याला ती विचारायची, तिकडे वाळवंटात भाजी कुठून येते? द्राक्षबागायतदार हॉलंडला जाऊन आले की त्यांच्याकडून तिथल्या गाईंचं वर्णन ऐकायची. नवरा शाळेत मास्तर होता. तो म्हणायचा, "अगं, तू चौकशीला जातेस की गप्पांना?" ती म्हणायची, "चौकशी म्हणजे दुसरं काय असतं?"

दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतर तिच्या टेबलावर एक कागद आला. बेल्जियमच्या पोलिसांनी आपल्या वकिलातीला विचारलेलं, वकिलातीनं दिल्लीला, दिल्लीनं मुंबईला आणि मुंबईनं नाशिकला. बेल्जियम म्हटल्यावर तिला फक्त आरसे आठवले. तिकडे वाळू गोटीराम टर्ले नावाचा तरुण बिनकागदाचा सापडला होता. सायखेड्याचा आहे म्हणतो. सोबत फोटो. खरंच तुमचा आहे का, कळवा. आणि वर ठळक लिहिलेलं होतं, स्मरणपत्र. म्हणजे हे आधी एकदा विचारून झालं होतं. तेव्हा कोणीतरी हवालदार जाऊन आला होता आणि त्यानं लिहून टाकलं होतं : ओळख पटत नाही.

दीपमाला सायखेड्याला गेली तेव्हा वाळूची आई लंकाबाई गोदावरीच्या काठच्या वावरात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. पोलीस पाटलानं लांबूनच हाक मारली. खाकी बघून लंकाबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. धाकटा मुलगा नवनाथ मोटर बंद करून धावत आला.

"मावशी, हा ओळखीचा आहे का बघा," दीपमालानं फोटो पुढे केला.

लंकाबाईनं हात पुसले. फोटो उन्हात धरला. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

"नाय," ती म्हणाली. "हा माझा नाय."

"मग तुमचा वाळू कुठे असतो?"

"मुंबईला," नवनाथ मध्येच बोलला. "कंपनीत हे."

"कुठल्या कंपनीत?"

"ते आमाला काय म्हाईत? फोन बी नसतो त्याचा."

दीपमालानं फोटो मागितला. लंकाबाईनं तो लगेच दिला नाही, आधी पदरानं पुसला. दीपमाला वाटेला लागली, तेव्हा म्हातारी बांधापर्यंत मागं आली आणि हळूच म्हणाली, "बाई, हा जो कोन आसंल त्याला तिथं खायला देत्यात का?"

एसटीत बसल्यावर दीपमालाला दुसरं काही सुचेना. बाई खोटं बोलली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण का बोलली? पोटच्या पोराला आई नाही म्हणते, ते कशासाठी?

कचेरीत बोरस्ते साहेबांना ते आधीच ठाऊक होतं. "एजंट लोक घरच्यांना पढवून ठेवतात," ते म्हणाले. "पोलीस आले तर ओळख द्यायची नाही. कोणत्या देशाचा ते ठरलं नाही, तर परत पाठवणार कुठे? कंटाळून सोडून देतात. लिहा तुम्ही, ओळख पटत नाही. मागच्यानंही तेच लिहिलंय."

"पण साहेब, मागच्या खेपेला आपण नाही म्हटलं. त्यावर तो सुटला असता, तर त्यांनी पुन्हा कशाला विचारलं असतं?"

साहेबांनी कप खाली ठेवून स्मरणपत्र पुन्हा वाचलं.

"मला एवढंच विचारायचंय त्यांना," दीपमाला म्हणाली, "की आम्ही नाही म्हटल्यावर तुम्ही त्याचं काय करता?"

"आपलं काम उत्तर द्यायचं असतं गांगुर्डे, प्रश्न विचारायचं नाही."

पण प्रश्न त्यांच्याही डोक्यात शिरला असावा. दोन दिवसांनी त्यांनीच बोलावून सांगितलं, करा फॅक्स, वरच्यांना मी सांगतो.

उत्तर फॅक्सनं आलं नाही. एका दुपारी कचेरीतला फोन वाजला आणि कोणी बाई इंग्रजीत गांगुर्डे हे नाव मोडून तोडून उच्चारू लागली. ती बेल्जियमची पोलीस अधिकारी होती, नाव मार्लीन. दीपमालाचं इंग्रजी बेताचं, आणि मार्लीनचंही फार बरं नव्हतं. त्यामुळे दोघी छोटी छोटी वाक्यं बोलल्या आणि एकमेकींना नीट समजल्या.

"तो पहिल्या दिवसापासून खरं नाव सांगतोय," मार्लीन म्हणाली. "त्याला घरी जायचंय. त्यानं स्वतःच तसं म्हटलंय."

"मग पाठवा ना."

"त्याच्याकडे पासपोर्ट नाही. तुमची वकिलात प्रवासाचा कागद देईल, पण तो आमचा आहे असं तुम्ही म्हटल्यावर. तुम्ही म्हटलं, आमचा नाही. म्हणून तो इथे बसलाय. उन्हाळ्याच्या आधीपासून."

"तुरुंगात?"

"तुरुंग नाही. बंद केंद्र. परत पाठवायच्या लोकांसाठी."

"दार उघडून बाहेर जाता येतं?"

"नाही."

"त्यानं गुन्हा काय केलाय?"

"गुन्हा नाही. फक्त कागद नाहीत."

"गुन्हा नाही, आणि कोंडून ठेवलंय?"

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडेही लोक हा प्रश्न विचारतात. कायद्यात मुदत आहे. ती संपली की त्याला देश सोडायची नोटीस देऊन बाहेर काढतील. पण बिनकागदाचा जाईल कुठे? रस्त्यावर राहील, आणि पुन्हा कोणीतरी पकडेल."

दीपमालानं आणखी एक गोष्ट विचारली. आईला त्याच्याशी बोलता येईल का? मार्लीन म्हणाली, फोन हा त्याचा हक्कच आहे, नंबर द्या.

या खेपेला दीपमाला साडी नेसून सायखेड्याला गेली. पोलीस पाटलालाही कळवलं नाही. लंकाबाईनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पण तिचं म्हणणं ऐकून मान हलवली.

"तुमी पोलिसाचं मानूस. गोड बोलून त्याला आननार, आन मंग बेड्या घालनार."

"घालणार नाहीत असं मी छातीठोक सांगू शकत नाही, मावशी. विमानतळावर चौकशी होईल, एवढं मात्र नक्की. पण त्याला यायचंय की नाही, ते तुम्ही मला सांगू नका नि मी तुम्हाला सांगत नाही. त्यालाच विचारा."

नवनाथ दारातून ओरडला, "आई, काय बी बोलू नको! तिकडं राह्यला तर आज ना उद्या त्याचं बस्तान बसंल. आन त्याच्या मागं मला जायचं हे, ते इसरलीस का?"

लंकाबाईनं धाकट्याकडे नुसतं बघितलं. मग आत जाऊन धुवट लुगडं नेसून आली.

गावात मंगळूचा एसटीडी बूथ होता. ठरल्या दिवशी दुपारी दोघी तिथे जाऊन बसल्या. मंगळूनं गिऱ्हाइकांना बाहेर थांबवलं. बेल वाजली तशी लंकाबाई दचकली. दीपमालानं रिसीव्हर तिच्या कानाला लावून दिला आणि काचेच्या बाहेर जाऊ लागली. पण म्हातारीनं तिचा पदर धरून ठेवला, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं.

"हालो. कोन?"

"आई, मी वाळू."

लंकाबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई, तू मला वळखलं नाय म्हने," पलीकडून आवाज आला. त्यात राग नव्हता, नवल होतं. "हितं त्यांनी कागद वाचून दाखीवला. तुझी आई म्हनती, हा माझा नाय. दुभाषा पंजाबी होता. मी म्हनलं, ह्याला नीट वाचता आलं नसंल."

"तुझ्या भल्यासाठी म्हनले रं," लंकाबाई म्हणाली. "त्या एजंटानं सांगितलं व्हतं. वळख दिली तर पोराला मारत्यात म्हनला. वळख नाय दिली तर सोडत्यात."

"त्यो एजंट माझा पासपोर्ट घेऊन पळाला, आई. मला यायचंय."

"जेवला का?"

"जेवलो. रोज बटाटंच असत्यात."

मग दोघं काय बोलले ते बोलणं नव्हतंच. ती विचारत होती थंडी लय हाय का, तो विचारत होता म्हैस व्याली का. बोलता बोलता लंकाबाईनं रिसीव्हर तसाच हातात ठेवून दीपमालाकडे तोंड वळवलं आणि मंगळूलाच काय, बाहेर उभ्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "लिवा बाई. माझाच हे. गोटीरामाचा थोरला, माझ्या पोटचा. आत्ताच्या आत्ता लिवा!"

जबाब नाशिकहून मुंबईला, तिथून दिल्लीला गेला. मध्ये दीपमालानं मार्लीनला पुन्हा एकदा गाठलं. त्याला विमानात बांधून तर आणणार नाही ना? मार्लीननं लपवलं नाही. काही वर्षांपूर्वी त्यांच्या देशात परत पाठवताना विमानातच एक तरुण मुलगी पोलिसांच्या हातांखाली गुदमरून मेली होती. त्यानंतर मोठा गदारोळ झाला, नियम बदलले. "हा स्वतःहून निघालाय," ती म्हणाली. "त्याला कोणी हात लावणार नाही. शिडीपर्यंत मी स्वतः जाईन."

वाळू आला तेव्हा द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. दीपमालानं रजा टाकली आणि लंकाबाईला घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेली. आत त्याला सबंध दिवस बसवून ठेवलं. एजंटानं त्याचा पासपोर्ट मुंबईच्या खोट्या पत्त्यावर काढला होता, म्हणून नाशिकमध्ये त्याचा काही मागमूसच नव्हता. जबाब झाले, एजंटाबद्दल खोदून खोदून विचारलं आणि ऊन कलल्यावर सोडलं. बाहेर आला तो निळ्या जाड जाकिटात, मुंबईच्या उकाड्यात घामानं भिजलेला. लंकाबाई पुढे झाली नाही. जागेवरून त्याला न्याहाळत राहिली आणि जवळ आल्यावर म्हणाली, "हे काढ आधी. मानूस हायेस का गोधडी?" मग त्याच्या खांद्याला धरून रडली.

परतीच्या एसटीत म्हातारी खिडकीशी झोपली आणि दीपमालानं प्रश्नांचं गाठोडं सोडलं. एजंटाचं विचारणारे दुसरे होते. तिला वेगळंच जाणून घ्यायचं होतं. तू गेलासच कशाला?

वाळू जरा लाजला. पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये तो कामाला होता. खोक्यांवर चिकटवायच्या लेबलांवर हॉलंडमधल्या बंदराचं नाव असायचं, ‘रॉटरडॅम’. हंगामभर तेच नाव बोटांखालून जायचं. तिथे खोकी उघडतं कोण, आपण हातानं निवडलेला घड खातं कोण, हे त्याला बघायचं होतं. "पैसं बी कमवायचं व्हतं, ताई. पन खरं सांगू का, ते लोकास्नी सांगायला."

"मग बघितलंस रॉटरडॅम?"

"नाय ना! बेल्जियममधी एका हॉटेलात तळघरात भांडी घासली. एक दिस सुट्टी मिळाली, म्हनलं आज जाऊ. रेल्वेत बसलो. दोन देशांच्या मधी पोलीस चढलं, दोन्ही देशांचं, एकत्रच. तुमच्यासारखीच एक बाई व्हती. कागद मागितलं."

"म्हणजे सरहद्दीवर?"

"सरहद्द कुठं व्हती? फाटक नाय, तार नाय, काय नाय. कवा आली नि कवा गेली, मला कळलंच नाय."

दीपमाला विचारात पडली. नाशिकमध्ये मालाचा टेम्पो घुसवायचा तर जकात नाक्यावर रांग लावावी लागते आणि तिकडे देश ओलांडला तरी कळत नाही? मग फाटक नसलेल्या सरहद्दीवर पोलीस माणसं निवडतात कशी? सगळ्या डब्याला कागद मागितले का?

"नाय," वाळू म्हणाला. "माझ्याकडं नि अजून दोगं काळे व्हते, त्यांच्याकडं."

"आणि गोऱ्यांना?"

"त्यांच्याकडं बघितलं बी नाय."

कसाऱ्याचा घाट चढून गाडी वर येईपर्यंत दीपमाला गाडीतल्या एकेकाचा चेहरा बघत राहिली.

वाळू पुन्हा पॅकहाउसला लागला. नवनाथ त्याच्याशी वर्षभर धड बोलत नव्हता. मग त्याचं लग्न ठरलं आणि बोलू लागला. कचेरीत दीपमालाचं नाव झालं. परदेशातून असे कागद आले की साहेब तिच्याकडेच पाठवू लागले. बहुतेक गोष्टी वाळूसारख्याच निघाल्या. एकदा पोराशी फोनवर बोलणं करून दिलं की आई-बाप कबूल व्हायचे. आपल्याला किल्ली सापडली, असंच तिला वाटू लागलं होतं.

दोन हजार आठ साली सटाण्याकडच्या एका गावचा कागद आला. पोराचं नाव भिका, तोही मार्लीनच्याच देशात. दीपमाला आता हवालदार झाली होती. नेहमीप्रमाणे साडीत गेली, पण गावात उतरल्यावर पत्ता विचारण्याआधी चहाच्या टपरीवर बसली. तिथे तिनं नुसता विषय काढला, इकडची पोरं परदेशात जातात का हो? टपरीवाल्यानं आपण होऊन भिकाची हकीकत सांगितली. त्यानं दुसऱ्या जातीतली पोरगी केली होती. पोरीच्या भावांनी दोघांना भर बाजारात मारलं. पोरगी वाचली नाही. केसमध्ये एकही साक्षीदार उभा राहिला नाही. भिका कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही. "आनि ठाऊक झालं तर ते लोक आजूनबी सोडनार नाहीत," टपरीवाला म्हणाला.

भिकाचा फोटो तिच्या पिशवीत होता. तो घेऊन ती गावात घरोघर विचारत फिरली असती, तर तो जिवंत आहे आणि कुठे आहे, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं. आजवर प्रश्न विचारून कोणाचं वाईट झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. आज तिला स्वतःच्या प्रश्नांची भीती वाटली.

भिकाची आई बायडाबाई गावाबाहेर डाळिंबाच्या बागेत राखणीला होती. दीपमालानं तिला एकटीला गाठून फोटो दाखवला. बायडाबाईनं एक नजर टाकली आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"हाऊ मन्हा नही शे," ती अहिराणीत म्हणाली.

हा नकार लंकाबाईसारखा नव्हता. यात कोणी पढवलेलं काही नव्हतं.

नाशिकला आल्यावर तिनं मार्लीनला फोन लावला. "एकच विचारते. यानं तुमच्याकडे आसरा मागितलाय का? आपल्या घरी जिवाला धोका आहे, असं म्हणालाय का?"

"ते मी तुला सांगू शकत नाही," मार्लीन म्हणाली. "आमच्या कायद्यात ते त्याच्या देशाच्या पोलिसांना सांगता येत नाही. तुझ्यासारख्या चांगल्या पोलिसालाही नाही."

"मग मुळात आमच्याकडे त्याची चौकशी पाठवलीच कशी?"

मार्लीननं कागदाचा नंबर आणि तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, "मी बघते." तिच्या आवाजावरून दीपमालाला वाटलं, हा कागद निघायलाच नको होता.

नवे साहेब उत्तराची वाट बघत होते. दीपमालानं आई जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिलं. वर काही घातलं नाही, खाली काही जोडलं नाही. टपरीवरचं लिहिलं नाही. साहेबांनी वाचून विचारलं, "तुमचं मत?" ती म्हणाली, "ओळख पटत नाही, साहेब." त्यांनी सही केली. तो फोटो गावात दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता.

त्या कागदाचं स्मरणपत्र आलं नाही. पुढे दीपमाला मार्लीनशी इतर कामांसाठी बोलली, पण भिकाचं नाव दोघींपैकी कोणी काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्याच गावातल्या एका शिक्षकाच्या पासपोर्टसाठी तिला जावं लागलं. काम उरकून ती रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होती. डाळिंबाच्या बागेतून बायडाबाई आली. आजूबाजूला कोणी नाही बघून जवळ उभी राहिली.

"दिवाळीले फोन वना व्हता," ती हळूच म्हणाली.

"कुठून आला?" दीपमालाच्या तोंडून निघून गेलं.

बायडाबाईनं ओच्यातून दोन मोठी डाळिंबं काढून तिच्या हातात दिली आणि आल्या वाटेनं परत गेली. गाडी आली. दीपमालाला खिडकीची जागा मिळाली. डाळिंबं मांडीवर घेऊन ती नाशिकपर्यंत मनाशी एकेक देश आठवत राहिली.